बोळवण केलेली जाळी

दोन हजार तेवीस साल. माझं वय एकाहत्तर. त्या उन्हाळ्यात मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला, आणि तोही घरात बसून.

गुडघा फुगला होता. महागावच्या डॉक्टरनं पाय दाबून पाहिला आणि सांगितलं, पावसाळ्यापर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही. मासोळीवर जगणाऱ्या भोयाच्या माणसानं पाण्यात नाही घालायचा तर पाय ठेवायचा तरी कुठं? पण धड उभं राहता येत नव्हतं हे खरं. मग पोरगा गजानन डोहावर जायचा, सून सविता मासोळी घेऊन बाजारात जायची, आणि मी भिंतीला टेकून टीव्हीपुढे.

यंदाही ज्येष्ठ तसाच तापला आहे. पैनगंगा आटत आटत डोहापुरती राहिली आहे. दुपारी वारा फिरला की तापलेल्या चिखलाचा, वाळलेल्या शेवाळाचा वास पार गल्लीत येतो. बाकीच्यांना तो वास आला की पाणी किती उरलं याची काळजी लागते. मला टीव्हीतला तो निळा रंग आठवतो, आणि माझी मान खाली जाते.

आधी त्या निळ्या रंगाचं सांगतो. ते दिवस वाईट नव्हते, उलट फार चांगले होते, म्हणून तर नंतरचं जास्त लागलं.

एका चॅनेलवर समुद्राचे कार्यक्रम लागत. हिंदीत एक माणूस हळू आवाजात बोलायचा, झोपलेल्या लेकराजवळ बसून बोलतो तसा. चौथीपर्यंत शिकलेल्या मला त्याचं सगळं कळायचं. व्हेल नावाचं जनावर गावातल्या शाळेएवढं मोठं. तिला पिल्लू झालं की ती त्याला पाठीनं उचलून वर आणते, पहिला श्वास घ्यायला. आठ हातांचा एक प्राणी दगडावर बसला की दगडाच्या रंगाचा होतो. आणि पोवळं. आमच्या बायकोच्या गळ्यात काळ्या मण्यांत दोन पोवळी होती. ती गेली तरी मी त्यांना खडेच समजत होतो. तर ते बारीक बारीक जिवांचं घर. मेलं की पांढरं पडतं. टीव्हीत मैलभर पांढरं पडलेलं पाहिलं, तेव्हा ती दोन लाल पोवळी आठवली, आणि मी उगाच पाणी प्यायला उठलो.

दुपारी नामदेव यायचा. माझ्याच वयाचा, लहानपणापासून एका डोंग्यात बसलेलो आम्ही. त्याला मी शिकवायचो.

"व्हेल मासोळी नाई, नाम्या. थे पिल्लाले दूध पाजते."

"दूध पाजते? मंग म्हैस म्हन ना तिले."

"पाण्यातच राह्यते, पण नाकानं सास घेते."

"म्हशीबी उन्हाळ्यात पाण्यातच राह्यतात." मग जरा थांबून, "भाव काय असते तिचा?"

"विकत नाईत तिले. मारली तं जेल होते."

"इतकी मोठी मासोळी आन विकाची नाई," असं म्हणून तो सुपारी कातरत बसायचा. पण दुसऱ्या दिवशी बरोबर कार्यक्रमाच्या टायमाला हजर.

हळूहळू ते सगळं माझ्या अंगात शिरलं. समुद्रातल्या पक्ष्याचं पोट फाडून दाखवलं, आत निरी पन्नी, प्लास्टिकच्या पिशव्या. त्या दिवशी मी घरात हुकूम काढला, आपल्या दुकानातून पन्नी बंद. मासोळी पळसाच्या पानात द्यायची. सविता पहाटे पानं तोडायला जायची, वरून मासोळी साफ करायची, मग टोपलं डोक्यावर घेऊन गाडी पकडायची. एकदा आली आणि टोपलं आपटून म्हणाली, "मामाजी, गिऱ्हाईक म्हंते, बाई तू मासोळी इकते का पत्रावळी?" मी म्हणालो, "म्हनू दे. समुद्र तं वाचते." ती माझ्याकडे एकदा पाहून आत गेली. त्या पाहण्यात काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही.

आमच्या मच्छीमार सोसायटीच्या बैठकीतही मी काठी टेकत उभा राहिलो. म्हटलं, जगात काय चाललं आहे पाहा. लोक हे कार्यक्रम पाहतात आणि जागे होतात. तिकडच्या किनाऱ्यावरच्या लोकांनी पाहिलं, आणि तेच लोक बोटी घेऊन समुद्रातला कचरा ओढायला लागले. अंडी घालायला कासवं येतात त्या किनाऱ्यावरचे दिवे बंद करायला लागले, पिल्लं चुकू नयेत म्हणून. एका चित्रानं माणूस बदलतो. मी बदललो ना. सगळे ऐकत होते. माझं इतका वेळ कोणी कधी ऐकलं नव्हतं. घरी आलो तेव्हा गुडघा दुखत नव्हता.

आता आमच्या एका चालीचं सांगायला पाहिजे.

आमच्या गल्लीत जुनं जाळं कोणी फेकत नाही, जाळत नाही, भंगारवाल्याला देत नाही. ज्या जाळ्यानं घर पोसलं ते उकिरड्यावर कसं टाकायचं? त्याची बोळवण करायची. मृग लागायच्या आधीच्या रविवारी सगळी गल्ली डोहावर जमते. ज्यांचं जाळं थकलं त्यांनी ते आणायचं. बायका त्याला हळदकुंकू लावतात, सासरी निघालेल्या लेकीची भरतात तशी त्याची ओटी भरतात, कोपऱ्याला एक हिरवी बांगडी बांधतात. जाळ्यात दगड बांधायचे, म्हणजे ते तरंगत दुसऱ्या गावच्या काठाला लागत नाही. मग गल्लीतला सगळ्यांत जाणता माणूस ते डोहाच्या खोल जागी सोडतो. माझा आजा सोडायचा. मग बाप. बापानंतर मी.

आजाच्या वेळी जाळं अंबाडीच्या सुताचं असे. लहानपणी मला वाटायचं, नदी ते घरी घेऊन जाते. दसऱ्याला डुबकी मारली की हाताला फक्त दगड लागायचे, सूत कुठंच नसायचं. नदीनं लेक नांदवली, असं आजी म्हणायची. डोहाच्या मधल्या खडकावर कासवं ऊन खात बसलेली असायची, ताटाएवढी. आम्ही पोट्टे डोंग्यातून जवळ गेलो की एकेक करून पाण्यात घसरायची, जराही घाई न करता.

मग नायलॉन आलं. हलकं, पक्कं, पाहिजे तितकं. आम्ही सूत बदललं. चाल नाही बदलली.

त्या उन्हाळ्याच्या काही वर्षं आधी सवितानं हे काढलं होतं. डोहाच्या काठावर, सगळ्या गल्लीदेखत. हातात ओटीचं ताट घेऊन म्हणाली, "मामाजी, हे नायलॉन सडत नाई. मागच्या साली सोडलेलं तसंच हाये खाली. यायले घरी ठेवू, नाई तं काहीतरी करू. पाण्यात नका सोडू."

मी तिला काय बोललो ते लिहायला हात जड होतो, पण लिहितो. मी म्हणालो, "तुया बापानं जलमभर दुसऱ्याच्या वावरात निंदन केलं. तुया घरी कधी जाळं नाई पाह्यलं कोनं. तू मले पाणी शिकवते?" बायकांतल्या दोघी-तिघी हसल्या. नामदेव हसला. मलाही आपण काही फार बोललो असं वाटलं नाही. सवितानं ताट खाली ठेवलं, पदर सारखा केला, आणि जाळ्याला बांगडी बांधली. त्यानंतर ती या विषयावर कधी बोलली नाही. मला वाटलं, पटलं तिला.

आता तो दिवस. बोळवण दुसऱ्या दिवशी होती. माझं एक जुनं जाळं निघालं होतं, मीच विणलेलं. उभं राहून काम होत नव्हतं, म्हणून ते मांडीवर घेऊन मी टीव्हीपुढे बसलो होतो आणि त्यात एकेक दगड बांधत होतो. नामदेव दाराशी. सविता आतल्या उंबऱ्याजवळ लसूण सोलत. समोर निळं पाणी.

त्यात एक कासव आलं. आधी वाटलं, पोहतंय. मग कळलं, हलत नाही. त्याच्या मानेला, पुढच्या पायाला जाळं गुंडाळलेलं होतं. तो हळू आवाजाचा माणूस म्हणाला, हे जाळं कोणाचंच नाही. मासेमारांनी टाकून दिलेलं आहे. ते वर्षानुवर्षं पाण्यात असंच मासे धरत राहतं, कासवं धरत राहतं, आणि ओढून काढायला कोणी येत नाही. कासवाला श्वासाला वर यावं लागतं. त्याला येता आलं नाही.

मला राग आला. खरा राग, डोळ्यांत पाणी आणणारा. मी ओरडलोच. "पाह्य. पाह्य हे हरामखोर. याच्यावर पोट भरलं आन काम झालं का पान्यात टाकून देल्लं. समुद्र काय यायच्या बापाचा हाये? अशायले त्याच जाळ्यात गुंडायून सोडलं पाह्यजे." आणि बोलता बोलता मी एक दगड जाळ्यात घातला आणि गाठ आवळली.

नामदेवचा अडकित्ता थांबला होता. तो माझ्या मांडीकडे पाहत होता. मग त्यानं सुपारी तशीच खिशात टाकली. "चाल, म्या जातो," म्हणाला. कार्यक्रम अर्धा टाकून तो आजवर कधी गेला नव्हता.

"काय झालं याले?" मी विचारलं.

सविता म्हणाली, "काही नाई मामाजी. च्या ठेवू?"

आणि मी, घराण्याचा जाणता, म्हणालो, "ठेव." चहा प्यायलो. उरलेले दगड बांधले.

दिवस कलताना गजानन डोहावरून आला. त्याच्या हातात अजून टोपलं होतं तेवढ्यात मी त्याला सगळं पुन्हा सांगितलं. कासव कसं, जाळं कसं, ते लोक कसे. तो उभा राहून ऐकत होता. माझं झाल्यावर टोपलं खाली ठेवून म्हणाला, "बाबा, बसा गाडीवर. उजेड हाये तवर डोहावर जाऊन येऊ."

"काहून?"

"चला ना."

त्या वर्षी पाणी इतकं उतरलं होतं की डोहातली बुडालेली बाभळीची झाडं वर आली होती. गुडघ्यामुळे मी अंगणापलीकडे फारसा गेलो नव्हतो. आधीच्या वर्षांत बोळवणीला जायचो, तेव्हा पाणी जास्त असायचं. गजाननानं मला धरून खाली नेलं. बाभळींवर काहीतरी लोंबत होतं. लांबून वाटलं शेवाळ. जवळ गेलो तर जाळी. एकावर एक, चिखलानं काळी पडलेली, पण तुटलेली कुठंच नाही. एका कोपऱ्यात हिरवी बांगडी जशीच्या तशी.

खालच्या फांदीला एका जाळ्यात हाडांची पाठ अडकली होती. ताटाएवढी. कातडं गेलेलं, आतून उजेड दिसत होता.

मी ते जाळं हातात घेतलं. कोणाचं म्हणून विचारायची गरज नव्हती. मी गाठीला एक वेढा जास्त देतो. बापानं शिकवला होता. गल्लीत दुसरं कोणी देत नाही, आणि त्याची मला फार मिजास होती. तरी तोंडातून निघालं, "कोनाचं हे?"

गजानन फांदीवरचं दुसरं जाळं सोडवायला लागला.

"कासवं लय निघाले का असे?"

"पह्यले निघत होते. आम्ही काढून वरती माळावर गाडून टाकत होतो. तुमाले दिसू नये म्हनून." मग पाण्याकडे पाहत म्हणाला, "आता निघतच नाईत."

निघत नाहीत म्हणजे काय, ते मला समजायला जरा वेळ लागला. मी खडकाकडे पाहिलं. खडक रिकामा. किती वर्षांपासून रिकामा होता, आणि मी त्याचा दोष वरच्या धरणाला देत होतो, रेतीच्या ट्रॅक्टरला देत होतो, पलीकडच्या काठाच्या लोकांना देत होतो. त्यांचाही असेल. पण हातात होती ती गाठ त्यांची नव्हती.

"कोनाकोनाले माईत हाये?"

"सगळ्यायले."

"मंग मले काहून नाई सांगतलं कोनं?"

गजानन म्हणाला, "सवितानं सांगतलं होतं ना, बाबा."

परत येताना मी गाडीवर गजाननच्या मागे बसलो होतो. लाज ही गोष्ट मी दुसऱ्याच्या तोंडावर पुष्कळदा पाहिली होती. स्वतःला झाली तेव्हा कळलं की ती आधी कानाला येते. कान तापले. वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं रामराम केला, आणि प्रत्येक रामरामात मला ऐकू आलं की यालाही माहीत आहे. इतकी वर्षं गल्ली मला जाणता म्हणून पुढे करत होती, आणि पाठीमागे माझी कासवं गाडत होती. त्यांना नदीच्या कोपाची भीती नव्हती. माझ्या तोंडाची होती.

पुढेही मी त्या कार्यक्रमांचा फार विचार केला, अजून करतो. त्यांना नावं ठेवायला मन होत नाही. ते नसते तर मी जाळं मांडीवर घेऊन मेलो असतो. पण एक खरं. त्या चित्रात गुन्हेगाराचं तोंड कधी दिसत नाही. पाणी दिसतं, कासव दिसतं, जाळं दिसतं. टाकणारा हात दिसत नाही. मग पाहणारा तिथं आपल्याला पाहिजे तो माणूस बसवतो. मी तिथं दूरच्या कुठल्या कोळ्याला बसवलं, ज्याला मी कधी भेटलो नाही आणि ज्याची भाषा मला येत नाही. त्याच्यावर रागवायला फार सोपं होतं. रडायलाही सोपं होतं. समुद्र इतका लांब होता की त्याच्यासाठी माझं काहीच मोडत नव्हतं. पळसाची पानं तोडायलाही सविताच जात होती.

तो कोळीही कदाचित माझ्यासारखाच असेल. त्याच्या आजाचंही जाळं सुताचं असेल. त्यानंही त्याला नमस्कार करून सोडलं असेल. हे सुचलं तेव्हा मला त्याची माफी मागावीशी वाटली, पण त्याच्याआधी माफी मागायची माणसं माझ्या घरातच होती, आणि तेच जमण्यासारखं वाटत नव्हतं.

आज डोहात ती जाळी नाहीत. गजानन आणि इतर पोरं पुढचा उन्हाळाभर कापत होती, आताही एखादं निघतं. कासव मी पाहिलेलं नाही. पलीकडच्या काठाचा एक मेंढपाळ सांगतो की वरच्या अंगाला एक दिसलं होतं, लहान. मी त्याला खोदून खोदून विचारत नाही. तो नाही म्हणाला तर काय करू? टीव्ही अजून लागतो. नामदेव अजून येतो. जाळ्याचं चित्र आलं की तो माझ्याकडे न पाहता म्हणतो, "बदलू काय?" मी म्हणतो, "राहू दे." आम्ही दोघं शेवटपर्यंत पाहतो.

पण मला सांगायचं होतं ते दुसऱ्या दिवशी सकाळचं.

सकाळी गल्ली डोहावर जमली. बायकांच्या हातात ताटं, गुळाची पोळी, नारळ. कोणीतरी माझं दगड बांधलेलं जाळं उचलून आणलं होतं आणि काठावर ठेवलं होतं, मान देऊन. मी एका दगडावर बसलो होतो. पाण्यात वर आलेल्या त्या बाभळी सगळ्यांसमोर होत्या आणि कोणीच तिकडे पाहत नव्हतं. माझ्यामुळे पाहत नव्हते.

नामदेव म्हणाला, "चाल ना बुढ्या. ऊन होऊन राह्यलं."

माझ्याजवळ दोन खोटी कारणं तयार होती. एक गुडघ्याचं. यंदा पाय साथ देत नाही, राहू द्या, पुढच्या वर्षी पाहू. दुसरं त्याहून चांगलं होतं. नदी स्वप्नात आली आणि म्हणाली, आता बोळवण नको. हे सगळ्यांनी मानलं असतं. चाल बंद झाली असती, कासवं वाचली असती, आणि वरून मला आणखी मान मिळाला असता. घरून निघालो तेव्हा हेच सांगायचं ठरवलं होतं.

तोंड उघडलं तेव्हा समोर सविता दिसली. बायकांच्या मागच्या रांगेत, ताट धरून, जाळ्याला बांधायची बांगडी बोटात अडकवून. ती वाट पाहत होती. कशाचीच नाही, फक्त कार्यक्रम उरकायची.

मी खाली मातीकडे पाहत बोललो. "बोळवण बंद. आजपासून. डोहातले कासवं माया जाळ्यानं मेले. हे सविता पह्यलेच बोलली होती, आन मी इथंच उभं राहून तिच्या बापाले नाव ठेवलं. थे चूक होतं. तिचं खरं होतं."

एका म्हातारीनं "अगं माय" एवढंच म्हटलं. नामदेव जाळ्याजवळ उकिडवा बसला आणि त्यातले दगड चाचपू लागला. मला वाटलं, झालं. संपलं. आता घरी जाऊ.

तेवढ्यात मागून सविताचा आवाज आला. राग नव्हता त्यात, हसू नव्हतं. बाजारात भाव सांगते तसा सरळ आवाज.

"मामाजी, मोठ्यानं बोला. मांगच्या बायायले ऐकू नाई आलं."

मी गुडघ्यावर हात दाबून उभा राहिलो. मान वर केली. आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.